मे महिना नको, आणि सासूबाईंना घरी ठेवूनही नको

पत्र :

ताई, नमस्कार. मी 57 वर्षांची. मिस्टर यंदा रेल्वेतून रिटायर झाले. फंडाचे पैसे आलेत, त्यातून एकदा परदेश करायचा असं ठरलंय. त्यांना हवी आहे 'चार देश, नऊ दिवस' अशी ग्रुप टूर. मला डोंगर आवडतात आणि धावपळ झेपत नाही, म्हणून मला एकटा ऑस्ट्रियाच नीट बघायचा आहे. आमच्या वन्सं म्हणतात, एवढे पैसे घालून एकच देश? सासूबाई 76 च्या. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बीपीची गोळी चालू आहे, पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही, नऊवारी नेसतात. 'मला कशाला नेताय, तुम्ही दोघं जावा' म्हणतात. पण परवा मोबाईलवर तिकडचे फोटो दाखवत होते, तर बर्फ बघून काही बोलल्या नाहीत, गाई दिसल्यावर मात्र चष्मा लावून जवळ आल्या आणि म्हणाल्या, 'दूध किती देत्यात ह्या?' आम्ही मे महिन्यात जायचं म्हणतोय. सासूबाईंना न्यावं का? एकच देश पुरेल का? आणि जेवणाचं काय?
ता. क. : सासूबाईंनी विचारलंय, त्या गाईंच्या गळ्यातली घंटा विकत मिळते का.
– मोठी सून, सातारा

मोठ्या सूनबाई, नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांआधी न विचारलेल्या गोष्टीवर येते, कारण सगळी सहल तिथेच अडणार आहे. मे महिना का? तुमच्या घरात शाळेत जाणारं कुणी उरलेलं नाही. पण आपल्या डोक्यात सुट्टी म्हणजे मे आणि फार तर दिवाळी, हे इतकं घट्ट बसलंय की साठीतली माणसंही शाळेच्या वेळापत्रकाने फिरतात. गंमत अशी की आल्प्समध्ये नेमके हेच दोन काळ मरगळीचे. एप्रिल संपत आला की स्कीइंगवाले घरी जातात आणि उन्हाळी पाहुणे जूनपर्यंत येत नाहीत. या मधल्या आठवड्यांत रोपवेवाले दोर आणि डबे तपासायला काढतात, डोंगरावरची हॉटेलं कुलूप लावून मालक स्वतः समुद्रावर जातात, आणि वरच्या पायवाटांवर भिजका बर्फ साचलेला असतो. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर संपताना, पुन्हा तेच. ग्रोसग्लॉकनर या ऑस्ट्रियातल्या सर्वांत उंच डोंगराजवळचा घाटरस्ता तर साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो आणि नोव्हेंबर लागताना बंद होतो. मे महिन्यात व्हिएन्ना सुरेख असते, बागा फुललेल्या असतात. पण तुम्ही डोंगर बघायला निघालात आणि पायथ्याला पोचल्यावर 'रिव्हिजन' म्हणजे 'देखभाल चालू' असा कागद चिकटवलेला बंद दरवाजा दिसला, तर वन्संना फोनवर काय सांगणार?

जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत कधीही जा. मला विचाराल तर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या युरोपाला सुट्टी असते, हॉटेलं महाग होतात आणि दुपारी वळवासारखी वादळं येतात. सप्टेंबरमध्ये हवा बरीचशी निवळते. अडचण आपल्या बाजूची, गणपतीची. कॅलेंडर काढा आणि त्या वर्षी गणपती कधी आहेत ते बघून आगमनाच्या पुरेसं आधी परत या किंवा विसर्जनानंतर निघा. घरचे गणपती सोडून सासूबाई येणार नाहीत आणि त्यांना तसं म्हणूही नये.

सप्टेंबरचा आग्रह धरते आहे तो सासूबाईंच्या प्रश्नामुळे. तिकडे उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर नेतात. या कुरणाला 'आल्म' म्हणतात. जूनच्या आसपास गुरं वर जातात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, एकेका गावाच्या ठरलेल्या दिवशी, मिरवणुकीने खाली येतात. या उतरण्याला 'आल्मआबट्रीब' म्हणतात. गाईंच्या डोक्यावर फुलांचे आणि देवदाराच्या फांद्यांचे मुकुट, रंगीत फिती, गळ्यात कळशीएवढाल्या घंटा. गुराखी ठेवणीतल्या कपड्यांत, गावातला बँड आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. तुमच्याकडच्या बेंदराला बैलांची शिंगं रंगवून, झूल घालून मिरवणूक काढतात, त्याचंच हे डोंगरी भावंड म्हणा. यातली एक रीत सासूबाईंना सांगा. उन्हाळाभर वर एकही जनावर दगावलं नाही, मालकाच्या घरात कुणी गेलं नाही, तरच गाई सजवतात. नाहीतर तो कळप मुकुटाविना मुकाट खाली येतो. हे कळायला त्यांना जर्मन यायला लागणार नाही.

तेव्हा पहिला निकाल : त्यांना न्या. 'मला कशाला' हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं 'हो' असतं, फक्त ते आपल्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचं असतं. डॉक्टरांचा होकार मात्र खरा हवा. लांबच्या विमानप्रवासाबद्दल आणि उंचीबद्दल त्यांना स्पष्ट विचारा.

गुडघ्याचं म्हणाल तर डोंगर बघायला ऑस्ट्रियासारखा सोयीचा देश थोडाच. तिथे डोंगर चढावा लागत नाही, डोंगर तुम्हाला डब्यात बसवून वर नेतो. 'गोंडेलबान' म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, तो सासूबाईंसाठी. 'सेसेलबान' म्हणजे उघड्या खुर्च्यांचा, त्यावर बसवू नका. धावत्या खुर्चीवर टेकायचं आणि वर पोचल्यावर चटकन उठून बाजूला व्हायचं, हे नऊवारीत आणि बदललेल्या गुडघ्यावर जमणारं काम नाही. बंद डबासुद्धा स्टेशनात पूर्ण थांबत नाही, गोगलगाईच्या चालीने सरकत राहतो. तिथल्या माणसाला आधी हाताने खूण करून आजींकडे बोट दाखवायचं. तो वेग कमी करतो, गरज पडली तर थांबवतो. मी माझ्या आईला अशीच बसवली होती. तिने पाय आत टाकला, पदर सावरला आणि त्या माणसाला उगाचच नमस्कार केला. त्यानेही केला.

मुक्कामासाठी माझी निवड झेल आम झे. साल्झबुर्ग प्रांतातलं तळ्याकाठचं गाव. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साताऱ्याइतकीच. रात्री झोपायला दमछाक नाही. तळ्याच्या काठाने सपाट फरसबंद वाट आहे, दर थोड्या अंतरावर बाक. गावाच्या डोक्यावर श्मिटनहोहे, 1965 मीटर, वरपर्यंत रोपवे. पहिल्या दिवशी एवढंच करा. बर्फ हवा असेल तर शेजारच्या काप्रूनहून किट्सश्टाइनहॉर्नवर जायचं. तिथे हिमनदी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही बर्फ सापडतो. पण वरचं स्टेशन 3029 मीटरवर आहे आणि रोपवे तुम्हाला तासाभरात तिथे नेऊन ठेवतो. त्या उंचीला हवा विरळ, आपल्याकडच्या साधारण तीन-चतुर्थांशच. बीपीची गोळी घेणाऱ्या 76 वर्षांच्या बाईने तिथे हळू चालायचं, पाणी प्यायचं, तासाभरात खाली यायचं. मधल्या स्टेशनवर अर्धा तास चहाला थांबा, फरक पडतो. डोकं जड झालं किंवा धाप लागली तर फोटोसाठी एक मिनिटही रेंगाळू नका.

आणि गाई. झेल ज्या खोऱ्यात आहे त्याला पिंत्सगाउ म्हणतात. तिथली गाय पिंत्सगाउअर. तांबडी-तपकिरी, आणि पाठीवरून खाली कुणीतरी चुन्याचा बोळा फिरवल्यासारखा पांढरा पट्टा. सासूबाईंना उत्तर द्या की दूध त्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाईपेक्षा कमीच देते, पण डोंगरात काटक. पूर्वी औतालाही जुंपत. आता महत्त्वाचं. सासूबाई कुरणावर गाय दिसली की कपाळाला हात लावायला जाणार, हे मला तुमच्या पत्रावरूनच दिसतंय. जाऊ देऊ नका. ती गाय गोठ्यातली नाही. महिनोन्‌महिने उघड्यावर राहिलेली, वासरू जवळ असलेली गाय अनोळखी माणसावर धावून जाते. 2014 साली टायरॉल प्रांतात कुत्रा घेऊन चाललेल्या एका पर्यटक बाईचा असा जीव गेला. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि त्या निमित्ताने कुरणांवर कसं वागायचं याचे नियम सरकारला लिहून काढावे लागले. नमस्कार कुंपणाबाहेरून.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळू. ग्रुप टूरला मी नावं ठेवणार नाही. वरण-भात मिळतो, बॅगा उचलायला माणूस असतो, आपल्या भाषेत रागवायला कुणीतरी सोबत असतं. पण नऊ दिवसांतले येण्या-जाण्याचे दोन वजा करा. उरलेल्या सातांत चार देश म्हणजे जवळपास रोज सकाळी सहाला बॅग भरायची आणि दुपारभर बसच्या खिडकीतून हायवेची ध्वनिरोधक भिंत बघायची. सासूबाईंना दर दोन तासांनी संडास लागत असेल तर ती बस त्यांच्यासाठी शिक्षा आहे.

त्यांना पटवायला मात्र हे गणित वापरू नका. रेल्वेतल्या माणसाला रेल्वेनेच पटवायचं. व्हिएन्नाच्या दक्षिणेला सेमरिंगचा घाट आहे. 1848 ते 1854 या काळात बांधलेली 41 किलोमीटरची लाइन, ग्लॉग्निट्सपासून म्युर्त्सझुश्लागपर्यंत. अभियंता कार्ल फॉन गेगा. काम सुरू झालं तेव्हा त्या चढावर गाडी ओढेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. 1851 मध्ये त्यासाठी इंजिनांची स्पर्धा भरवावी लागली. 16 मोठे पूल, त्यांतले काही दुमजली, दगडविटांचे, आणि त्यांवरून आजही रोज गाड्या धावतात. आपला बोरघाट सुरू झाला 1863 मध्ये, सेमरिंगनंतर नऊ वर्षांनी. मिस्टरांनी आयुष्यभर कर्जत-लोणावळ्याचं, गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन बघितलं असेल तर सेमरिंगच्या स्टेशनवर ते तुम्हाला विसरून जातील. व्हिएन्नाहून सव्वा-दीड तासाचा प्रवास. स्टेशनपासून एक पायवाट जंगलातून एका टेकाडावर जाते. तिथून दिसणारं पुलांचं दृश्य जुन्या 20 शिलिंगच्या नोटेवर छापलेलं होतं. सासूबाईंना स्टेशनच्या बाकावर बसवा, मिस्टरांना तिकडे पिटाळा. घाटाखालून 27 किलोमीटरचा नवा बोगदा होतो आहे. तो सुरू झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळणार. 'घाट चालू आहे तोवर बघून घेऊ' एवढंच त्यांच्या कानावर घाला आणि गप्प बसा.

वन्संचं काय करायचं ते तुम्ही बघा. माझ्या नणंदेला मी नकाशा दाखवला होता.

मुक्काम तीनच ठेवा. व्हिएन्नात तीन रात्री, झेलला पाच, इन्सब्रुकला तीन. साल्झबुर्गला वेगळा मुक्काम नको, झेलहून रेल्वेने दीड तासाच्या आसपास लागतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथल्या किल्ल्यावर चढायला 1892 पासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी आहे, सासूबाई आरामात वर जातील. मोझार्टचं जन्मघर मात्र जिन्यांचं आहे, ते तुम्ही दोघं बघा. इन्सब्रुकला शहराच्या मध्यातून थेट डोंगरावर जाता येतं. आधी फ्युनिक्युलर, मग रोपवे. 2007 मध्ये नवी झालेली फ्युनिक्युलरची स्टेशनं प्रसिद्ध वास्तुविशारद झाहा हदीद यांनी डिझाइन केलेली, वितळणाऱ्या बर्फासारखी. अर्ध्या तासात 1905 मीटरच्या झेग्रुबंवर पोचलात की खाली विमानतळावर उतरणारं विमान तुमच्या पायाखालून जाताना दिसतं. परतीचं विमान जर्मनीतल्या म्युनिकहून घ्या. इन्सब्रुकहून म्युनिक शहर रेल्वेने दोन तासांच्या आत-बाहेर, विमानतळ तिथून आणखी पुढे. पुन्हा व्हिएन्नाला उलटं येण्यात एक दिवस जाईल.

हालश्टाट? तुमच्या मोबाईलवर बहुतेक तोच फोटो असणार, तळं, चर्चचा टोकदार मनोरा, मागे डोंगर. गाव खरंच तसं आहे. पण वस्ती आठशेच्याही खाली आणि बघायला येणारे दिवसाला हजारोंनी. सप्टेंबरात कास पठारावर रविवारी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. 2023 मध्ये कंटाळलेल्या गावाने सेल्फीच्या जागेपुढे लाकडी फळ्याच उभ्या केल्या होत्या, बोभाटा झाल्यावर काढल्या. त्यापेक्षा साल्झबुर्गहून 150 नंबरच्या बसने झांक्ट गिल्गनला जा. तासाभरात तळं, बोट, डोंगरावर जाणारा रोपवे, आणि बसायला जागा. बोटीने पलीकडे झांक्ट वोल्फगांगला गेलात तर 1893 पासून शाफबेर्गवर चढणारी दातेरी रुळांची गाडी आहे. मिस्टर पुन्हा खूश.

भाड्याची गाडी घेऊ नका. रस्त्याची उजवी बाजू, घाट, हायवेचा वेगळा टोल, एवढं कशाला? रेल्वे वेळेवर असते आणि स्टेशनांत लिफ्ट असतात. एक लक्षात ठेवा, तिकडे तिकीट म्हणजे जागा नव्हे. आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर सणावाराच्या गर्दीत सासूबाई उभ्या. लवकर काढलेलं स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं आणि पैसे परत मिळत नाहीत, म्हणून विमान उतरण्याच्या दिवशी ते काढू नका.

जेवण. इथे जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका डोंगरी गावात आईसाठी सूप मागवलं. मेनूच्या चित्रात पातळ धिरड्याच्या पट्ट्या सारात पोहत होत्या, मला शेवयांसारखं वाटलं. आईने तीन चमचे घेतले आणि म्हणाली, 'चव ओळखीची नाही गं.' फ्रिटाटेनझुप्पे. धिरडं खरं, पण सार गाईच्या हाडांचं. आई काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने पाणीसुद्धा खोलीत येऊन प्यायलं. चूक वेटरची नव्हती. मी विचारलं होतं 'मांस आहे का', तो म्हणाला 'नाही', आणि तुकडा खरंच नव्हता.

म्हणून 'मांस नाही ना' असं विचारू नका. सुपाच्या वाटेलाच जाऊ नका. भाजलेल्या बटाट्यांत डुकराच्या चरबीचे चुरे असू शकतात, सॅलडवर 'श्पेक' म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस भुरभुरलेलं असतं. मेनूवर पदार्थापुढे छोटी अक्षरं असतात, ए, सी, जी अशी. ही अ‍ॅलर्जीची खूण. सी म्हणजे अंडं, डी म्हणजे मासे, जी म्हणजे दूध. सासूबाईंच्या ताटासमोर सी नको. मांसाला मात्र अक्षर नाही, ते तोंडाने विचारावंच लागतं. आणि 'आयरश्वामर्ल' असं लिहिलेलं दिसलं तर नावात अंडं आहे म्हणून घाबरू नका, त्या पिवळ्या अळंब्या आहेत.

अंड्याला जर्मनमध्ये 'आय' म्हणतात. 'ओने' म्हणजे शिवाय. तेव्हा 'अंडं नको' हे 'ओने आय'. साताऱ्याकडच्या माणसाला हे आयुष्यभर पुरेल असं वाक्य आहे, कारण मिस्टर पहिल्या दिवशी वेटरला मोठ्याने 'ओने आय, ओने आय' म्हणणार आणि शेजारी आय बसलेली.

तुम्हा दोघांना अंडं चालत असेल तर केझेश्पेट्सले खा. मऊ शेवेच्या गाठी, त्यावर वितळलेलं चीज आणि कुरकुरीत तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच वाढतात. गोड म्हणून कायझरश्मार्न, फाडलेलं जाड धिरडं, पिठीसाखर आणि आलुबुखाराची चटणी. त्यातले बेदाणे कधीकधी रममध्ये भिजवलेले असतात. सासूबाईंसाठी 'वेगान' लिहिलेला पदार्थ शोधा. त्यात अंडं नक्की नसतं, दही आपलं वेगळं मागवायचं. चीज त्यांच्यापुढे ठेवण्याआधी एक सांगा. डोंगरी चीज बहुतेक वेळा वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवलेलं असतं. खायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

पण खरा उपाय हॉटेल न घेणं हाच. 'फेरीयनवोनुंग' म्हणजे स्वयंपाकघर असलेलं सुट्टीचं घर घ्या, झेलला तर नक्कीच. तांदूळ, बटाटे, टोमॅटो, साधं दही सगळं मिळतं. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, एक छोटी कढई. नळाचं पाणी प्या, विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला 1873 पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी आहे. नेऊ नये ते सांगते, आणि सातारकरांना ते लागणार आहे : कंदी पेढे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, सगळं त्यात आलं. विमानतळावर डबा उघडून कचऱ्यात टाकतात. ते बघवत नाही.

रविवार विसरू नका. दुकानं शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात ती सोमवारी सकाळी उघडतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही सुपरमार्केटं तेवढी चालू. एकदा मी शनिवारी साडेसहाला एका गावात उतरले आणि रविवार दुपारपर्यंत चॉकलेट आणि कोरडं मेतकूट यावर काढला. शनिवारी दुपारीच दूध-भाजी भरा.

संडासाचं कुणी पत्रात विचारत नाही, पण सगळ्यांना हवं असतं. स्टेशनवर बहुतेक ठिकाणी नाणं लागतं, आत पाणी नसतं. सासूबाईंच्या पिशवीत पाण्याची छोटी रिकामी बाटली कायम असू द्या. नऊवारी चालेल, खाली गरम लेगिंग आणि पायात रबरी तळव्याचे बूट. सरकत्या जिन्यावर काष्ट्याकडे लक्ष ठेवा, किंवा सरळ लिफ्ट. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, फुकट असते. 'मी काय पांगळी आहे का' असं त्या म्हणतील. त्यावर म्हणा, रांग वाचते. मग बसतील.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. ऑस्ट्रियात रात्री सर्वांत जास्त म्हणून अर्ज ऑस्ट्रियाचाच, म्युनिकहून परतलात तरी. सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत करून चालत नाही, आणि मी म्हणेन दोन-तीन महिने आधी करा. मोठ्या माणसाला फी 90 युरो, शिवाय केंद्राचा आकार. विमा किमान 30,000 युरोचा सक्तीचा आहे, पण व्हिसापुरता स्वस्तातला घेऊ नका. सासूबाईंचं बीपी आणि गुडघा आधीपासूनचे आजार म्हणून त्यात धरलेत का आणि डोंगरातल्या सुटकेचा, हेलिकॉप्टरचा खर्च आहे का, हे दोन प्रश्न एजंटला लेखी विचारा. हेलिकॉप्टर विम्याशिवाय आलं तर फंडाला भगदाड. डोंगरात मदतीचा नंबर 140, अ‍ॅम्ब्युलन्सचा 144, आणि काहीच आठवलं नाही तर 112.

दिवसाचा क्रम सकाळचा ठेवा. साडेआठ-नऊच्या डब्याने वर, दुपारी दोनच्या आत खाली. ढग दुपारनंतर चढतात. खालच्या स्टेशनवर वरचा कॅमेरा पडद्यावर दाखवतात. तिथे पांढरं धुकं दिसत असेल तर तिकीट काढू नका, तळ्यावर जा. वर पोचल्या पोचल्या 'लेट्स्टे टालफार्ट' ही पाटी शोधा आणि तिचा फोटो काढा. खाली येणाऱ्या शेवटच्या डब्याची वेळ असते ती. संध्याकाळी साडेचार-पाच म्हणजे तिथे सगळं संपलं, आणि तो डबा चुकला तर तो डोंगर सासूबाईंना उतरायचा नाही. घर देणारा मालक बहुतेक वेळा पाहुण्यांचं कार्ड देतो, त्यावर बस किंवा रोपवे फुकट किंवा सवलतीत मिळतात. त्याने दिलं नाही तर मागा. आणि रस्त्यात कुणी समोर आलं, दुकानात शिरलात, की 'ग्रूस गॉट' म्हणायचं. शब्दशः देवाचं नाव आहे त्यात. सासूबाईंनी 'रामराम' म्हटलं तरी अर्थ तोच पोचेल.

ता. क. चं उत्तर. मिळते. रेल्वे स्टेशनजवळच्या दुकानांत चिमुकल्या, रंगवलेल्या असतात, त्या फ्रिजवर लावायला बऱ्या. खरी घंटा हवी असेल तर गावातल्या शेतीच्या सामानाच्या दुकानात विचारा. पत्र्याची ठोकलेली, जाड कातडी पट्ट्याची, आवाज भरदार. वजन बघून घ्या आणि मोठ्या बॅगेत टाका, पण आत जीभेला मोजा गुंडाळायला विसरू नका. माझी शेजारीण विसरली होती, आणि पुणे स्टेशनपासून घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाला मागे वळून बघत होता.